डबा कुठे लपवायचा?

माझी भाची चार दिवसांसाठी आमच्याकडे पनवेलला आली होती. नोकरी बंगळुरूला, त्याआधी दोन-तीन वर्षं शिक्षणासाठी जर्मनीत. नव्या विमानतळावर उतरली आणि बघता बघता दारात हजर! "मावशी, एवढ्या वेळात मी बंगळुरूत घरून ऑफिसला पण पोचत नाही," असं म्हणत तिनं चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मोबाइलमध्ये डोकं खुपसून म्हणते, "मावशी, तुमच्या गल्लीत एक पण डबा नाही गं!"

मी म्हटलं, "डबे हवेत? स्वयंपाकघरात चल. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, बर्फीचे, हवे तेवढे आहेत. तुझे काका ओरडत असतात, पण माझा काही जीव होत नाही टाकायला."

मग तिनं मला समजावून सांगितलं. 'जिओकॅशिंग' नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवून ठेवतं. त्यात एक छोटी वही, एखादी बारीकसारीक वस्तू. त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगायचे. मग ज्याला हौस आहे त्यानं मोबाइल घेऊन शोधत यायचं, डबा सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आतली वस्तू घेतली, तर आपल्याजवळची एक ठेवायची. २ मे २००० रोजी अमेरिकेच्या सरकारनं उपग्रहावरून मिळणाऱ्या जीपीएसच्या संदेशांमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाला जागा कळायची ती शंभरेक मीटर इकडेतिकडे. ती एकदम नेमकी कळायला लागली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ऑरेगन राज्यातल्या एका गृहस्थानं गंमत म्हणून रानात एक बादली लपवली आणि तिची जागा जाहीर केली. तिथून हा खेळ सुरू झाला. आज जगभरात असे लाखो डबे आहेत म्हणे.

"पण त्यात मजा काय?" मी विचारलं.

"मजा डब्यात नसते गं मावशी. त्या निमित्तानं आपण अशा ठिकाणी जातो, जिथं एरवी कधी गेलोच नसतो. कधी जुना पूल असतो, कधी पडकी गिरणी. आणि तिथली गोष्ट कळते."

आमचं हे बोलणं सासूबाई ऐकत होत्या. वय ८४, कान मात्र तिखट. त्या म्हणाल्या, "मग आमच्या पनवेलीत लपवा की डबे. पण आता आहे त्या जागी नको. होतं आणि गेलं, अशा जागी लपवा. बघू कोण शोधतं ते!"

झालं! भाचीनं ते उचललंच. गल्लीतल्या आठ मुली गोळा केल्या, वय ११ ते १६. रविवारची सकाळ ठरली. अट एकच, प्रत्येक डबा अशा जागेचा हवा, जी आता तिथं नाही. पहिलीच अडचण आली ती आपल्याकडची. रस्त्यावर बेवारस डबा ठेवायचा कसा? स्टेशनवर दिवसभर सांगत असतात, बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून! मग असं ठरलं की डबा त्या जागेच्या जवळच्या ओळखीच्या दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी ठेवायचा. मुलींनी त्या जागेची गोष्ट सांगितली, तरच त्यानं डबा द्यायचा. आणि जागा ओळखायला सासूबाईंनी कोडी घालायची.

मैत्रिणींनो, इथवर हा नुसता खेळ होता. पण जागांची यादी करायला बसलो आणि माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. ते सांगण्यासाठीच हा लेख.

पहिलं कोडं होतं, 'पाण्यावरून आला, पनवेलीत जेवला, घाट चढून पुण्याला गेला.' मुलींना काही सुधरेना. एक म्हणाली, "विमान!" दुसरी म्हणाली, "एक्स्प्रेस वे!" अखेर एकीच्या आजोबांनी बंदराचं नाव काढलं.

आजच्या मुलींना खरं वाटत नाही, पण मुंबईहून पुण्याला जायचा रस्ता एके काळी पाण्यातून सुरू व्हायचा. मुंबईहून गलबतानं किंवा मचव्यानं पनवेलच्या खाडीत यायचं, बंदरावर उतरायचं आणि इथून बैलगाडीनं किंवा पालखीनं खोपोली गाठून बोरघाट चढायचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या बंदराला आणखी बरे दिवस आले. देशावरचा माल इथे उतरायचा, इथला तांदूळ आणि मीठ बाहेर जायचं. १८५२ साली इथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या काही नगरपालिकांत तिची गणना होते, त्याचं मूळ या वर्दळीत आहे. मग आली रेल्वे. १८५६ साली ती कल्याणवरून खोपोलीपर्यंत पोचली, १८६३ साली बोरघाट चढली आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला वळसा घालून जाऊ लागला.

तरी बंदर लगेच मेलं नाही. माझ्या सासूबाईंच्या सासूबाई नवी नवरी म्हणून पनवेलात आल्या त्या होडीतून. भरतीची वेळ चुकली म्हणून वऱ्हाड चार तास खाडीत अडकून पडलं होतं आणि नवरीला उलट्या झाल्या, ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलेली. सासूबाई १९६२ साली आल्या त्या एसटीनं, ठाण्याकडून फेरा मारून. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि मी आले १९९३ साली, त्या पुलावरून. आता भाची आली ती विमानानं. एकाच घरात बाया आल्या त्या चार वाटांनी! बंदर रोड हे नाव मात्र अजून आहे. कोळीवाडा आहे, होड्या आहेत. पण बंदर कुठंय, असं नव्या सोसायटीतल्या कुणाला विचारा, मान हलवतील.

दुसरं कोडं मला फार आवडलं. 'पाय नाहीत तरी घाट चढतं, झिजलं की पनवेलला येतं.' उत्तर, बैलगाडीचं चाक. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाकं बनवण्याचा उल्लेख आहे. घाटावरून येणारा गाडीवान इथून चाकांची जोडी घेतल्याशिवाय परतायचा नाही, इतकं नाव होतं. आम्ही हा डबा ठेवायला जागा शोधत फिरलो, तर चाकं नेमकी कुठे बनायची हे सांगणारं कुणी भेटेना. एक म्हातारे सुतारकाका भेटले, तेही म्हणाले, "आजोबा करायचे असं ऐकलंय. कुठं बसायचे, ते माझ्या बापाला ठाऊक होतं." म्हणजे एका गावाचा सगळ्यात मोठा धंदा, आणि त्याची जागा तीन पिढ्यांत पुसली गेली. तो डबा शेवटी आम्ही सुतारकाकांकडेच ठेवला.

तिसरी जागा तळ्यांची. पनवेल हे नद्यांचं तसं तळ्यांचं गाव. एका बाजूनं गाढी, एका बाजूनं काळुंद्रे, पुढे खाडी, आणि मध्ये ही तळी. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे… सासूबाई ही नावं परवचा म्हणावा तशी म्हणतात. आणि एक इस्रायल तळं. मुलींना वाटलं, हे नाव बातम्यांतून आलं असावं! मग त्यांना महात्मा गांधी रस्त्यावरचं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर दाखवलं. बेथ एल सिनेगॉग, १८४९ सालचं. कोकणातले बेने इस्रायली म्हणजे आपल्यासारखे मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. आडनावं पेणकर, पनवेलकर, नवगावकर. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि हळूहळू बरीच घरं तिकडे गेली.

सासूबाईंची एक मैत्रीण अशीच गेली. त्यांच्या नव्या वर्षाला ती गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा करायची आणि वाटीभर आमच्याकडे यायचा. दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या. तिकडे गेल्यावर दहा-बारा वर्षं तिची मराठीत पत्रं येत होती. एका पत्रात तिनं विचारलं होतं, 'तळ्याकाठचा आपला दगड आहे ना अजून?' कपडे धुवायचा दगड तो. दोघींचा शेजारी-शेजारी होता. सासूबाईंनी मुलींना हे सांगितलं आणि गप्प झाल्या. त्या दगडाचा अक्षांश-रेखांश कोण सांगणार?

इथेच मला पहिला प्रश्न पडला. आम्ही दोन याद्या केल्या होत्या. एक माझ्या यजमानांची आणि त्यांच्या मित्रांची, दुसरी सासूबाईंची आणि शेजारच्या काकूंची. पुरुषांच्या यादीत होतं टॉकीज, व्यायामशाळा, जकात नाका, अमक्या पुढाऱ्याची बैठक बसायची तो ओटा, क्रिकेटचं मैदान. बायकांच्या यादीत होतं विहीर, धुण्याचा दगड, पिठाची गिरणी, वटपौर्णिमेचा वड, गल्लीतली दहा-बारा मुलं जिथं जन्मली ते प्रसूतिगृह, संध्याकाळी भाजीवाल्या बसायच्या ती भिंत आणि एक कट्टा, जिथं सासरी जाच असलेली मुलगी येऊन रडायची आणि बाकीच्या तिला घेऊन परत सोडायला जायच्या.

दोन्ही याद्यांतलं जवळजवळ सगळं गेलं. पण पुरुषांच्या यादीतल्या जागांची नावं तरी उरली. नाके गेले, जकात गेली, तरी उरण नाका, टपाल नाका ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. टॉकीज पाडलं तरी 'टॉकीजच्या मागे' असा पत्ता लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात. बायकांच्या जागा गेल्या त्या नावासकट. कारण त्यांना नाव नव्हतंच. 'विहिरीवर जाते' म्हटलं की कुठल्या विहिरीवर, हे सगळ्यांना माहीत असायचं. कोनशिला बसते ती ज्याचं उद्घाटन होतं त्यावर. धुण्याच्या दगडाचं उद्घाटन कोण करणार?

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय! नळ घरात आला, मिक्सर आला, गिरणीत डोक्यावरून दळण न्यायला नको झालं, हे चांगलंच की. अगदी खरं. मला विहिरीवर पाणी भरायला परत जायचं नाही आणि माझ्या लेकीला तर मुळीच पाठवायचं नाही. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. सासूबाईंना विचारलं, "आई, विहीर हवी होती का परत?" तर म्हणाल्या, "खांदे मोडायला? विहीर नको गं. पण ती कुठं होती, हे तरी ठाऊक असावं."

कशासाठी ठाऊक असावं, याचं उत्तर आमच्या घरानं २६ जुलै २००५ रोजी मिळवलंय.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण गाढी नदीनं पनवेलची काय दशा केली, हे रायगडबाहेर फार जणांना माहीत नाही. बेथ एलच्या मंदिरातही पाणी शिरलं होतं. आमच्या गल्लीत दुपारी सगळे समोरच्या गटाराकडे बघत उभे होते. गटार वाहत होतं, पण रस्ता अजून दिसत होता. सासूबाई मागच्या दाराशी गेल्या आणि ओरडतच परत आल्या, "मागनं पाणी येतंय! हे गटाराचं नाही, ओहोळाचं आहे. हे चढणार. उचला सगळं!"

मला तेव्हा कळेना, कुठला ओहोळ? मी बारा वर्षं त्या घरात राहत होते. मागे मला दिसायची ती सपाट मोकळी जागा आणि पलीकडच्या इमारतीची भिंत. पण सासूबाईंना ती विहीर आठवत होती, विहिरीपलीकडचा ओहोळ आठवत होता आणि तो भरला की पाणी कुठून कुठे जातं हेही. आम्ही धान्य, कागदपत्रं आणि गॅसची टाकी माळ्यावर नेली. शेजारच्या दोन लहान पोरांना वर घेतलं. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक नवं बिऱ्हाड होतं, घाटावरून बदली होऊन आलेलं. त्या बाई म्हणाल्या, "रस्त्यावर तर पाणी नाही, काकू उगाच घाबरतात." अर्ध्या तासात त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तेही मागच्या मोरीतून आलेलं. माणसं वाचली, देवाची कृपा. पण मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं सगळं गेलं, शाळेचे दाखले गेले. त्या बाई पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या, "मला कुणी सांगितलं असतं तर!"

सांगणार कोण? सांगणाऱ्या बाया घरात होत्या, पण त्यांना विचारायची पद्धत नव्हती. नकाशा बघून प्लॉट पाडणाऱ्याला विहीर दिसली नाही. जाहिरातीत ओहोळ नव्हता. खरेदीखतात सर्व्हे नंबर होता, पण 'इथं पावसाळ्यात आठ दिवस पाणी उभं राहायचं' असा रकाना काही खरेदीखतात नसतो.

म्हणून मला वाटतं, आपण ज्याला जुन्या आठवणी म्हणून बाजूला ठेवतो, ती खरं तर माहिती आहे. बायका पाण्याशी रोज दोन हात करायच्या. कुठलं पाणी कधी आटतं, कुठलं कधी चढतं, कुठल्या तळ्याचा सांडवा कुणाच्या परसातून जातो, हे त्यांना पाठ होतं. घराघरांत नळ आले आणि ही माहिती बिनकामाची वाटायला लागली. पाणी मात्र अजून त्याच वाटेनं जातं.

भाचीनं यावर जर्मनीतलं एक उदाहरण सांगितलं. पासाऊ नावाचं गाव आहे. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या तिथे मिळतात. तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर शेकडो वर्षांच्या पुरांच्या खुणा आहेत. अमुक साली पाणी इथपर्यंत, तमुक साली तिथपर्यंत. २०१३ साली तिथे १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर आला, त्याचीही खूण आहे. येणारा-जाणारा मान वर करून बघतो. "मावशी, मी तिथं डबा शोधायला गेले होते," ती म्हणाली, "आणि त्या भिंतीसमोर अर्धा तास उभी राहिले. आपल्याकडे २००५ ची अशी एक तरी रेघ आहे का?"

आमच्या घरात होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सासऱ्यांनी खिळ्यानं ओढलेली. दोन वर्षांपूर्वी रंग देताना ती बुजली. रंगाऱ्याला दोष कशाला देऊ? मीच म्हटलं होतं, सगळं गुळगुळीत करा.

आता आजच्या पनवेलकडे बघा. १९७० साली सिडको आली, १९९८ साली लोकल आली, २००२ पर्यंत द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २९ गावं व खारघर, कामोठे, कळंबोलीसारख्या वसाहती एका छत्राखाली आल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्याबरोबर जागेचे भाव आकाशाला भिडले, जुने वाडे पाडून टॉवर उभे राहू लागले. काही नवं घडत असलं की काही जातंच. पण जे जातं त्याची नोंद होते का?

विमानतळासाठी दहा गावं उठली. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वरचे ओवळे… उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. या गावांतल्या माणसांना भूखंड मिळाले, मोबदला मिळाला, त्यावरून वाद झाले, आंदोलनं झाली, ते सगळं वर्तमानपत्रांतून आलं. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, बायकाही होत्या. म्हणजे नावाचं मोल आपल्या लोकांना पक्कं कळतं.

माझ्याकडे मासळी घेऊन येणारी बाई याच उठलेल्या गावांपैकी एकातली. पूर्वी ती खाडीतून निवट्या आणि कालवं आणायची, आता मार्केटातून घेऊन विकते. मी तिला आमच्या खेळाचं सांगितलं. तर हसली आणि म्हणाली, "बाय, आमचा डबा तुमाला गावायचा न्हाय. आमच्या गावदेवीचं आवार, बावडी, सगळं त्या कुंपणाच्या आत गेलं. देवी आणली आमी नव्या जागी. बावडी कशी आणनार?"

मग भाचीनं तिच्याशी बोलून एक काम केलं. मोबाइलवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची उपग्रहातून काढलेली चित्रं बघता येतात. दोघी ओट्यावर बसल्या. बाईनं घराचं छप्पर ओळखलं, मग चिंच, मग बावडी. "हां हां, हीच!" भाचीनं तिथले अक्षांश-रेखांश एका कागदावर लिहून दिले. बाईनं तो कागद घडी करून कनवटीला लावला. वाचता येत नाही तिला, पण नातीला दाखवणार म्हणाली.

आमच्या यादीतला शेवटचा डबा हाच. तो कुठे ठेवताच आला नाही. त्या जागी आता विमानतळाचं कुंपण आहे.

मैत्रिणींनो, हे फक्त पनवेलचं नाही. तुमचं गाव चिपळूण असो, महाड असो, सांगली असो की कराड, नदी आहेच आणि काठचं बदलणंही आहेच. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पनवेल महापालिकेच्या ७८ जागांपैकी निम्म्या बायकांच्या. इथल्या पहिल्या महापौर, २०१७ साली, एक बाईच झाल्या. मग वॉर्डात मतं मागायला बाई येते तेव्हा तिला गटार आणि दिव्यांबरोबर हेही विचारूया की, बाई, वॉर्डात बुजलेल्या विहिरी किती, ओहोळ कुठून जात होता, तळ्याचा सांडवा कुठे आहे, हे लिहून ठेवलंय का कुणी? नव्या इमारतीला परवानगी देताना त्या गल्लीतल्या सत्तरीच्या दोन बायकांना बोलावून विचारलं तर काय बिघडेल? त्यांना फी लागत नाही, चहा पुरे.

आणि तोवर आपण आपलं सुरू करूया. बचत गटाच्या एका बैठकीत घरोघरच्या आज्यांना बोलवा. भलामोठा कागद पसरा आणि त्यांना सांगू द्या, पाणी कुठे होतं, वाट कुठे होती, झाड कुठे होतं. शाळेच्या प्रकल्पात मुलं ताजमहालाची चित्रं चिकटवतात, त्याऐवजी हे करू देत. पुराची रेघ भिंतीवर असेल तर रंग देताना ती राखा. नसेल तर आठवून ओढा. साल लिहायला विसरू नका.

आमच्या आठ मुलींनी पाचपैकी चार डबे शोधले. बक्षीस म्हणून त्यांना श्रीखंड दिलं, म्हणजे माझे डबे आणखी वाढले. त्यातली एक अकरा वर्षांची, परवा तिच्या आईला घेऊन आली. त्यांनी नवा फ्लॅट बघितलाय, बुकिंगचं चाललंय. मुलगी म्हणाली, "आजी, तिथं आधी काय होतं, ते आम्हाला सांगा ना."

आई जरा ओशाळली. पण सासूबाईंनी चष्मा लावला, पत्ता दोनदा वाचून घेतला आणि मला म्हणाल्या, "चहा टाक गं. याला जरा वेळ लागेल."